होडी आली, कायदा मागे राहिला

केरळात कोल्लम शहराच्या थोडे उत्तरेला अष्टमुडी सरोवर समुद्राला मिळते. त्या मुखाच्या एका काठावर शक्तिकुलंगरा आहे, दुसऱ्या काठावर नींडकरा. दोन्ही काठांना जोडणाऱ्या पुलाखालून शेकडो ट्रॉलर समुद्रात जातात. दरवर्षी ९ जूनच्या मध्यरात्री या पुलाच्या खांबांना आडवी साखळी बांधली जाते. आतल्या ट्रॉलरने बाहेर पडायचे नाही, असा त्या साखळीचा अर्थ. बावन्न दिवसांनी, ३१ जुलैच्या मध्यरात्री, ती सोडतात. बर्फ, डिझेल, पाणी भरून तयार असलेल्या ट्रॉलरांची रांग तेव्हा एकदम समुद्राकडे सुटते.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा पाण्यात लोटायच्या, हे आपल्याकडचा कोळी पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. पण कोकणात पावसाळ्यात दार लावतो तो समुद्र स्वतः. नींडकऱ्याचे तसे नाही. तिथे ऐन पावसाळ्यात ‘करिक्काडी’ नावाची कोळंबी खच्चून मिळते, आणि यंत्राच्या होडीला त्या समुद्रात जाता येते. समुद्राने जे दार उघडे ठेवले, ते माणसांना साखळीने बंद करावे लागले. ती साखळी का लागली, हे समजून घ्यायचे तर गोष्ट सुरू होते १९५२ मध्ये, उत्तर ध्रुवाच्या शेजारच्या एका देशात.

*

१९५२ चा नॉर्वे डोळ्यांसमोर आणायला आज थोडे कष्ट पडतात. उत्तर समुद्रातले मोठे तेलसाठे हाती लागायला अजून सतरा वर्षे होती. जर्मन ताबा उठून सातच वर्षे झाली होती. माघार घेताना जर्मन फौजांनी फिनमार्क हा उत्तरेकडचा प्रांत गावेच्या गावे जाळत सोडला होता, आणि तिथली घरे, धक्के, मासळीची कोठारे पुन्हा उभी करण्याचे काम चालूच होते. कॉफीचे रेशनिंग त्या वर्षी कुठे संपत होते. खासगी मोटार घ्यायला सरकारी परवाना लागे, आणि ती अट १९६० पर्यंत टिकली. देश स्वतः अमेरिकेच्या मार्शल योजनेची मदत घेऊन सावरत होता.

अशा देशाने हात पसरलेला असतानाच दुसरा हात देण्यासाठी पुढे करावा, यामागे दयेइतकेच घरचे राजकारण होते. सत्तेवर मजूर पक्ष होता. १९४९ मध्ये त्याने नॉर्वेला नाटो करारात नेले, आणि पक्षातल्या डाव्यांना ते रुचले नाही. त्यातच कोरियाचे युद्ध पेटले आणि संरक्षणाचा खर्च वाढला. शांततेच्या गोष्टी करणारा पक्ष तोफा विकत घेऊ लागला, ही कार्यकर्त्यांची कुरकुर पक्षाचे सरचिटणीस हाकोन ली यांच्या कानांवर रोज येत होती. त्यांनी आणि संसदेतले परराष्ट्र धोरणाचे जाणकार फिन मो यांनी एक कल्पना पुढे आणली. पक्षाला आणि देशाला एकत्र बांधील असे एक विधायक काम परदेशात हाती घ्यावे, एखाद्या गरीब देशाला पायावर उभे राहायला मदत करावी. संसदेने, म्हणजे स्टोर्टिंगने, १९५२ मध्ये त्यासाठी एक निधी स्थापला आणि त्यात एक कोटी क्रोनर घातले. नागरिकांकडूनही वर्गणी गोळा केली गेली. ती अपेक्षेएवढी जमली नाही. निधीचे अधिकृत नाव लांबलचक होते. लोकांनी त्याला सुटसुटीत नाव दिले : भारत निधी.

भारतच का? दोन्ही देशांमध्ये जुन्या ओळखीचे धागे होते, पण बारीक. १६२० मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर तरंगंबाडीला डॅनिश वखार पडली, तेव्हा नॉर्वे डेन्मार्कच्याच राजाखाली होता. १८६७ मध्ये लार्स स्क्रेफ्सरुड हा नॉर्वेजियन मिशनरी संताळ मुलखात आला, तिथेच राहिला आणि त्याने संताळी भाषेचे व्याकरण लिहिले. मिशनच्या पत्रकांमधून भारताचे नाव नॉर्वेतल्या खेड्यापाड्यांत पोहोचले होते. याहून महत्त्वाचे म्हणजे १९५२ चा भारत मजूर पक्षाच्या सगळ्या गटांना चालणारा होता. तो लोकशाही होता, नुकताच स्वतंत्र झालेला होता, कोणत्याही लष्करी गटात नव्हता. नेहरूंच्या बोलण्यात युरोपातल्या समाजवाद्यांना आपलाच सूर ऐकू येई. नाटोवर नाराज असलेल्या कार्यकर्त्याला भारताला मदत करणे म्हणजे मनावरचे ओझे थोडे उतरवणे होते.

दिल्लीलाही हे सोयीचे होते. नॉर्वे लहान होता, त्याच्याकडे वसाहती नव्हत्या आणि मदतीच्या बदल्यात तो तळ मागणार नव्हता. १७ ऑक्टोबर १९५२ ला करारावर सह्या झाल्या. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ असे तीन पक्ष त्यात होते. राष्ट्रसंघाचे सरचिटणीस तेव्हा त्रिग्वे ली हे नॉर्वेचेच गृहस्थ होते. नॉर्वेने स्वतंत्रपणे कुणा देशाला दिलेली विकासाची मदत ही पहिलीच. आज जगभर जिचे नाव घेतले जाते त्या नॉर्वेच्या मदतयंत्रणेचा श्रीगणेशा असा आपल्या किनाऱ्यावर झाला.

*

काय द्यायचे, याचे उत्तर सोपे होते. नॉर्वेला मासेमारी येत होती. त्रावणकोर-कोचीन राज्याने जागा दिली ती कोल्लमजवळची : शक्तिकुलंगरा, नींडकरा आणि पुत्तनतुरा. करारात उद्दिष्टे चार होती. मच्छीमाराच्या मेहनतीचे मोल वाढवणे, ताजी मासळी नीट विकली जाईल अशी व्यवस्था करणे, वस्तीचे आरोग्य सुधारणे आणि एकूण राहणीमान उंचावणे. पहिले नॉर्वेजियन लोक १९५३ मध्ये कामाला लागले. होडीचे सुतार, यंत्राचे जाणकार, डॉक्टर, परिचारिका असा तो काफिला होता.

त्यांना दिसलेला किनारा असा होता. माणसे पहाटे वळ्ळम घेऊन निघत. वळ्ळम म्हणजे एका अखंड खोडातून कोरलेली किंवा फळ्या काथ्याने शिवून केलेली होडी. शिडावर आणि वल्ह्यांवर जेवढे जाता येई तेवढेच अंतर गाठायचे, आणि मासळी नासायच्या आत परतायचे. तारली आणि बांगडा हे रोजचे मासे. तारलीचे थवे कधी इतके येत की उरलेली मासळी नारळाच्या मुळांशी खत म्हणून जाई. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन आसपासच्या गावांत विकायला निघत. उरलेले वाळूवर सुकवायचे. सुकी मासळी सिलोनला जाई, आणि आपल्याकडच्या सोड्यासारखी सुकवलेली कोळंबी ब्रह्मदेशात. होडी-जाळ्यासाठी पैसा सावकाराकडून घेतलेला असे, म्हणून मासळीचा भाव सावकार ठरवी. विहिरींचे पाणी मचूळ आणि अस्वच्छ होते, पोटाचे आजार घरोघर होते.

तिन्ही वस्त्या एकमेकींना लागून, तरी त्यांची कुळे वेगळी होती. शक्तिकुलंगऱ्यात प्रामुख्याने लॅटिन कॅथलिक होते, चर्चभोवती बांधलेले. पुत्तनतुऱ्यात हिंदू अरय. नॉर्वेहून आलेल्या माणसाला ‘मच्छीमार’ हा एकच वर्ग दिसत होता. त्या वाळूवर तो एकच नव्हता.

सुरुवात सरळ विचाराने झाली. आहे त्या होडीला यंत्र बसवावे. ते जमेना, वळ्ळमचे अंग यंत्राचा भार आणि धक्के सोसणारे नव्हते. मग वाळूवरूनच पाण्यात लोटता येईल अशी नवी होडी करून पाहिली. मलबारच्या लाटा फुटतात त्या जागी ती टिकेना. शेवटी पंचवीस फुटांच्या आसपासच्या, आत डिझेल यंत्र असलेल्या होड्या बांधल्या गेल्या, आणि त्या वाळूवर ओढायचा नाद सोडून अष्टमुडीच्या मुखात नांगरायच्या असे ठरले. सरोवराचे मुख हेच बंदर झाले. नॉर्वेच्या लाकडी होडीने अशी केरळी खोडाची साथ सोडली आणि किनारा सोडून खाडी धरली. ही बाब तांत्रिक वाटते, पण पुढचे पुष्कळसे तिच्यातून निघाले. वाळूवरची होडी कुठल्याही गावात नांदू शकते, बंदरातली होडी बंदर असेल तिथेच. सगळा व्यवहार हळूहळू दोन-चार बंदरांत गोळा होणार, हे तेव्हाच ठरून गेले.

बाकी कामेही होत होती, आणि चांगली होत होती. बर्फाचा कारखाना उभा राहिला. बर्फात ठेवलेली ताजी मासळी आतल्या गावांपर्यंत जाऊ लागली. नायलॉनची जाळी आली. ती कुजत नसल्यामुळे सुती जाळ्यांसारखी पुनःपुन्हा रंगवावी-वाळवावी लागत नव्हती. दवाखाना निघाला, बाळंतपणे तिथे होऊ लागली. नळाने पाणी आले. बोटींच्या गोष्टी पुढे वादात सापडल्या, पण नळाच्या पाण्याबद्दल वाईट बोलणारा कुणी भेटला नसता. दरम्यान राज्य बदलले, १९५६ मध्ये केरळ झाले, आणि १९५७ मध्ये ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांचे कम्युनिस्ट सरकार आले. नाटोतल्या देशाचे तंत्रज्ञ कम्युनिस्ट मंत्रिमंडळाच्या राज्यात होड्या बांधत राहिले आणि दोघांनाही त्यात काही अडचण वाटली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये नेहरू स्कँडिनेव्हियाच्या दौऱ्यात नॉर्वेला जाऊन आले. दोन देशांमधल्या शिष्टाचाराला आता दाखवण्याजोगे ठोस काम मिळाले होते.

अडले ते सहकारी संस्थांपाशी. नव्या होड्या सहकारातून हप्त्यांवर द्यायच्या, विक्रीही सहकारातून करायची, असा बेत होता. कागदावर सभासद झाले, प्रत्यक्षात मासळी जुन्याच दलालाकडे गेली. त्यात नवल नव्हते. दलाल नुसता भाव पाडणारा माणूस नव्हता. मुलगी आजारी पडली, घरात लग्न निघाले, चार दिवस मासळी नाही, अशा वेळी पैसा देणारा तोच होता. सहकारी संस्थेकडे भाव होता, पण रात्री दोन वाजता उघडणारे दार नव्हते.

*

मग कोळंबी आली. म्हणजे ती होतीच, तिला गिऱ्हाईक आले. कोचीनच्या एका व्यापारी कंपनीने १९५३ मध्येच गोठवलेली कोळंबी अमेरिकेला पाठवून पाहिली होती. हा उद्योग नॉर्वेच्या योजनेत नव्हता. त्यांना केरळच्या माणसाच्या ताटात जास्त मासे जावेत असे हवे होते. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस यंत्राच्या होडीमागे ट्रॉल जाळे ओढून तळाची कोळंबी खरवडून काढता येते हे सिद्ध झाले, आणि दोन धागे एकमेकांत गुंतले. होडी नॉर्वेची, जाळे तळ खरवडणारे, गिऱ्हाईक अमेरिकेत आणि पुढे जपानात. एकेकाळी वाळूवर सुकणाऱ्या कोळंबीचा भाव १९६० च्या दशकात कित्येक पटींनी चढला. तिला ‘गुलाबी सोने’ म्हणू लागले.

शक्तिकुलंगऱ्याचे रूप पालटले. बर्फाचे कारखाने, गोठवणीचे कारखाने, कोळंबी सोलण्याच्या शेडी उभ्या राहिल्या. बायका लिलावात उतरल्या, सोलणाऱ्या झाल्या, काही व्यापारी झाल्या. या तिन्ही गावांच्या बायकांवर अर्थतज्ज्ञ लीला गुलाटी यांनी पुढे अभ्यास केला. त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते. बाईच्या हातात पैसा आला, मुली शाळेत जाऊ लागल्या, दवाखान्याचा उपयोग वाढला. हे सारे खोटे नव्हते. याच केरळी बायकांच्या सोलण्याच्या कौशल्याला पुढे गुजरात आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांतही मागणी आली. घरापासून दूर, कारखान्याच्या आवारातल्या खोल्यांत राहून, गारठलेल्या बोटांनी कोळंबी सोलणाऱ्या त्या मुली ही या कथेचीच दुसरी बाजू.

पण होडी कोणाच्या नावावर? सुरुवातीला मच्छीमारांना सवलतीने दिलेल्या होड्या नफा दिसू लागताच हात बदलू लागल्या. नव्या, मोठ्या ट्रॉलरला लागणारा पैसा समुद्रात गेलेल्या माणसाकडे नव्हता. निर्यातदाराकडे, व्यापाऱ्याकडे होता. ज्याने आयुष्यात जाळे ओढले नाही, तो किनाऱ्यावर बसून ट्रॉलरांचा मालक झाला. शक्तिकुलंगऱ्यातले काही मच्छीमार मालक झाले, पुत्तनतुरा मागे पडले. आणि योजनेच्या तीन गावांबाहेर, केरळच्या सबंध किनाऱ्यावर वळ्ळम आणि कट्टुमरम (ओंडके बांधून केलेला तराफा) घेऊन जाणारे हजारो लोक जिथे होते तिथेच राहिले. फरक एवढाच की आता त्यांच्या समुद्रात त्यांच्याआधी कुणीतरी तळ खरवडून गेलेले असे.

*

इथे नॉर्वेचे स्वतःचे घर आठवते. त्या देशाच्या उत्तरेला लोफोटन बेटे आहेत. तिथे दर हिवाळ्यात कॉड माशांचे थवे अंडी घालायला येतात आणि सगळ्या किनाऱ्यावरचे मच्छीमार लहान होड्या घेऊन जमतात. १८९० च्या मार्चमध्ये ट्रोलफ्योर या अरुंद खाडीत कॉड खच्चून शिरला. वाफेच्या बोटी घेऊन आलेल्या धनिकांनी खाडीचे तोंड जाळ्याने बंद केले आणि आत मासेमारी करायची तर पैसे मोजा म्हणाले. उघड्या होड्यांतले मच्छीमार वल्ही आणि आकडे घेऊन त्या बोटींवर तुटून पडले. गुन्नार बर्ग या चित्रकाराने ती लढाई रंगवून ठेवली आहे आणि नॉर्वेजियन मुलांना ती इतिहासातून ठाऊक असते.

त्या लढाईतून कायदे निघाले. १८९७ च्या लोफोटन कायद्याने कुठल्या पाण्यात कुठले जाळे टाकायचे, हे ठरवण्याचे काम मच्छीमारांनीच निवडलेल्या समित्यांकडे दिले. १९३० च्या दशकात ट्रॉलरवर परवान्याची सक्त अट आली. किनाऱ्यावरच्या लहान होडीचा घास मोठ्या बोटीने काढून घेऊ नये म्हणून. १९३८ च्या कच्च्या मासळीच्या कायद्याने पहिल्या विक्रीचा हक्क मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्रीसंघांकडे दिला; किमान भाव संघ ठरवी, दलाल नव्हे. आणि १९५० च्या दशकात, नींडकऱ्याला होड्या बांधल्या जात असतानाच, मासेमारीच्या बोटीची मालकी मूलतः प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्याकडेच राहावी असा कायदाही तिथे झाला.

म्हणजे नॉर्वेचा मच्छीमार सुखी झाला तो केवळ यंत्रामुळे झाला नव्हता. त्याच्या यंत्राभोवती पन्नास वर्षांच्या भांडणांतून उभे राहिलेले कुंपण होते. नींडकऱ्याला आलेल्या खोक्यांत यंत्र होते, जाळे होते, बर्फ करायची यंत्रसामग्री होती. कुंपण नव्हते. होडी आली, कायदा मागे राहिला.

हे ठरवून झाले का? तसे म्हणता येत नाही. एक तर तंत्रज्ञ तंत्र घेऊन येतो. आपल्या देशाचा कामगार-कायदा तो पेटीत भरून आणत नाही. दुसरे, १९५० नंतर खुद्द नॉर्वेची दिशा बदलत होती. जळलेल्या उत्तरेला उभे करताना सरकार सुकवलेल्या कॉडऐवजी गोठवलेल्या तुकड्यांवर आणि मोठ्या बोटींवर भर देऊ लागले होते. केरळात जे आणले ते त्या ताज्या विश्वासाचेच रोप होते. आणि तिसरे कारण सर्वांत खरे. यंत्र भेट देता येते, कायदा देता येत नाही. परक्या देशाने सार्वभौम भारताला ‘तुमची बोट कोणाच्या मालकीची असावी’ हे सांगितले असते तर दिल्लीने आणि त्रिवेंद्रमने त्याला दार दाखवले असते, आणि ते योग्यच ठरले असते. कुंपण ज्याच्या शेताला लागते त्यानेच घालायचे असते. पण कुंपणाशिवायच्या यंत्राचे काय होते, हे नॉर्वेला ट्रोलफ्योरपासून ठाऊक होते, आणि ते कुणी कुणाला सांगितले नाही.

आर्ने मार्टिन क्लाउसेन या नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञाने या गावांत राहून अभ्यास केला आणि १९६८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याने आपल्याच देशाच्या पहिल्या मदतप्रकल्पाला बोचरे प्रश्न विचारले : ज्यांना बदलायचे त्यांची जात, धर्म, कर्ज, नातीगोती न समजून घेता तुम्ही होडी कशी दिलीत? नॉर्वेत या पुस्तकावर बराच वाद झाला. आपली चूक आपल्याच माणसाकडून ऐकून घ्यायची सवय त्या मदतयंत्रणेला अशी सुरुवातीलाच लागली, हेही नींडकऱ्याचेच देणे.

*

योजना थांबली नाही, तिने आकार बदलला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस दवाखाना आणि पाणीपुरवठा राज्य सरकारच्या हाती देऊन नॉर्वेने आपला मुक्काम एर्नाकुलमला हलवला. कन्नूर, तमिळ किनाऱ्यावरचे मंडपम आणि आपल्या शेजारचे कारवार इथेही केंद्रे निघाली. गावाचा विकास हा शब्द मागे पडला. खोल समुद्र, मोठ्या बोटी, संशोधन, प्रशिक्षण हे शब्द पुढे आले. नॉर्वेने दिलेल्या ‘वरुणा’ या संशोधन जहाजाने अरबी समुद्राच्या तळाची आणि माशांच्या साठ्यांची मोजदाद केली. ती माहिती भारतीय शास्त्रज्ञांना पुढे कित्येक वर्षे पुरली. १९७२ मध्ये सारे काम भारत सरकारच्या स्वाधीन झाले. एका निधीच्या पोटी जन्मलेली मदत तोवर नॉर्वेत १९६८ पासून ‘नोराड’ या स्वतंत्र संस्थेच्या रूपाने स्थिरावली होती.

आणि मग हिशेबाची वर्षे आली. केरळची समुद्री मासळी १९७३ च्या सुमारास साडेचार लाख टनांच्या आसपास होती. १९८० पर्यंत ती तीन लाखांच्या खाली उतरली. वळ्ळमवाल्यांची जाळी रिकामी येऊ लागली, ट्रॉलरच्या धडकेत ती फाटू लागली. याच सुमारास गोव्यातही भडका उडाला. तिथले रापणकार किनाऱ्यावरून रापण ओढणारे. सबंध गाव दोन टोकांना उभे राहून दोर खेचते, आणि आलेल्या मासळीचे वाटे होतात. ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन तीच मासळी आधीच उचलू लागले, तेव्हा माथानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने रापणकार संघटित झाले. मोर्चे, उपोषणे झाली, समुद्रात चकमकी झाल्या. ट्रोलफ्योरची लढाई बाणावली-कळंगुटच्या वाळूवर पुन्हा लढली जात होती, आणि ती लढणाऱ्यांना त्या खाडीचे नावही ठाऊक असायचे कारण नव्हते. गोवा आणि केरळच्या लोकांनी हात मिळवले, १९७८ मध्ये देशभरातल्या पारंपरिक मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला.

कायदे आता आले, भारताचे स्वतःचे, भांडून मिळवलेले. गोवा आणि केरळने १९८० मध्ये, महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान होड्यांसाठी राखला गेला. पण केरळात खरी लढाई पावसाळ्याची होती. पारंपरिक मच्छीमारांचे म्हणणे असे की पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ. तेव्हा तळ खरवडला तर पुढच्या वर्षी खायचे काय? ट्रॉलरमालक आणि निर्यातदार म्हणत की करिक्काडी मिळते तीच मुळी तेव्हा. ती न धरली तर डॉलर बुडतात. बाबू पॉल समिती झाली, कलावार समिती झाली, बालकृष्णन नायर समिती झाली. रस्ते अडवले गेले, १९८४ मध्ये कोळिकोडला कॅथलिक धर्मभगिनीही उपोषणाला बसल्या. अखेर १९८८ पासून पावसाळी ट्रॉलबंदी लागू झाली. आधी ती साधारण पंचेचाळीस दिवसांची होती, पुढे बावन्न दिवसांची झाली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी जी बंदी पाळली जाते, तिच्या पाठीशीही या वादाचीच पुण्याई आहे.

या कथेत कुणा एकाला खलनायक करता येत नाही. पारंपरिक मच्छीमारांनी पुढे स्वतःच वळ्ळमला बाहेरून बसवायची जपानी बनावटीची यंत्रे लावली आणि मोठमोठी जाळी घेतली. आपल्याकडे पर्ससीन जाळ्यांवरून रत्नागिरी-सिंधुदुर्गात आज जे भांडण चालते, ते यंत्र विरुद्ध वल्हे असे उरलेले नाही, यंत्र विरुद्ध यंत्र असे झाले आहे. प्रश्न यंत्राचा कमी आणि ते कोणाच्या हातात, कोणत्या नियमात चालते, याचा जास्त होता.

दोन देशांचे नातेही तोवर पालटले. १९५२ मध्ये कॉफी मोजून पिणारा नॉर्वे आज तेलाच्या पैशावर जगातल्या सर्वांत मोठ्या सरकारी गुंतवणूक निधीपैकी एकाचा मालक आहे आणि तो निधी भारतीय कंपन्यांचे समभाग घेतो. नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांच्या एफ्टा संघटनेशी भारताने १० मार्च २०२४ ला व्यापार करार केला. पंधरा वर्षांत शंभर अब्ज डॉलरची गुंतवणूक भारतात आणण्याचे उद्दिष्ट त्यात लिहिले आहे, आणि तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. मदत संपली, सौदा सुरू झाला. सौद्यात दोन्ही बाजू आपापले नियम टेबलावर मांडतात आणि कलमाकलमावर भांडतात. १९५२ च्या कराराच्या चार उद्दिष्टांमध्ये मच्छीमाराचे मोल होते, ताजी मासळी होती, आरोग्य होते, राहणीमान होते. समुद्र कोणाचा, हा प्रश्न नव्हता. मदत देणाऱ्याला तो विचारणे उद्धटपणाचे वाटले आणि घेणाऱ्याला कृतघ्नपणाचे.

नींडकऱ्याच्या पुलाखालची साखळी हे त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उशिरा आलेले उत्तर आहे. तिच्यावर नॉर्वेचे नाव नाही, राष्ट्रसंघाचेही नाही. ती केरळच्या लोकांनी रस्त्यावर उतरून, उपाशी राहून, समित्यांसमोर साक्षी देऊन घडवली आणि दरवर्षी ट्रॉलरवाले कुरकुर करत ती मानतात. बावन्न दिवस मोठ्या बोटी मुखाच्या आत नांगरून असतात, पारंपरिक होड्यांना समुद्र मोकळा असतो. ३१ जुलैच्या रात्री साखळी खाली पडते आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यावर करिक्काडीचे ढीग लागतात. याच मुखाच्या काठावर १९५३ मध्ये काही परदेशी सुतारांनी पहिल्या होडीच्या फळ्या जोडल्या होत्या. फळ्या जोडायला काही महिने पुरले. साखळी जोडायला पस्तीसेक वर्षे लागली.